डेझर्ट कूलरवाले नागपूरकर खऱ्या डेझर्टमध्ये: जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात कॅम्पिंगचे नेहमीचे प्रश्न

डिसेंबरात आम्ही सहा जण जाऊन आलो, तेव्हापासून जो भेटते तो तेच विचारून राहिला. ऑफिसात, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर, परवा तर एका लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं थांबून विचारलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, कोणी विचारलं की हेच पाठवायचं.

हे पार्क आहे कुठे? नुसती वाळूच ना?

राजस्थानात, जैसलमेर अन् बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३१६२ चौरस किलोमीटर. नाव नॅशनल पार्क असलं तरी १९८० साली जाहीर झालं ते अभयारण्य म्हणून, कागदावर अजूनही अभयारण्यच आहे. म्हणून आत गावं आहेत, ढाण्या आहेत (ढाणी म्हणजे चार-दोन घरांची वस्ती), शेळ्या-मेंढ्या चरतात, शाळेची पोरं रस्त्यानं चालत जातात. ताडोब्यासारखं गेट, मग जिप्सी, मग "साइटिंग झालं का" असा हिशोब डोक्यात ठेवून गेलात तर पहिल्याच दिवशी तोंड वाकडं होईल.

अन् वाळूच्या टेकड्या, ज्यांना तिकडे धोरे म्हणतात, त्या पार्काच्या साधारण पाचव्या हिश्श्यात. बाकी दगडगोट्याची सपाट जमीन, खारट पडलेले जुने तळ अन् गवताळ माळ. सेवण नावाचं गवत, मध्येच खेजडीची झाडं, केर नावाची काटेरी झुडपं, अन् आपल्या उकिरड्यावर असते ती रुई. खरं सांगतो, मला वाळूपेक्षा तो माळच जास्त आवडला, पण वाळूचे फोटो जास्त लाइक घेतात त्याला काय करता.

मग ते "डेझर्ट कॅम्प" म्हणून बुक करतो ते पार्कातच असते का?

इथेच सगळे फसतात. सम अन् खुरी ही दोन नावं लक्षात ठेवा. सम जैसलमेरपासून ४० किलोमीटरच्या थोडं वर, तिथे ओळीनं खाजगी कॅम्प, आत पलंग, अटॅच बाथरूम, संध्याकाळी नाच-गाणं अन् रात्री डीजे. त्याला कॅम्पिंग म्हणायचं तर वर्धा रोडवरच्या लॉनमध्ये लग्नाला जाणं पण कॅम्पिंगच झालं. खुरी नैर्ऋत्येला, थोडं शांत, गावच्या लोकांची झोपडीवजा राहायची सोय मिळते.

अभयारण्यात कुठेही गाडी थांबवून स्वतःचा तंबू ठोकता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते, अन् सुदासरीसारख्या माळढोक पक्ष्याच्या भागात तर तंबूचा विचारही करू नका. सुदासरीला वनखात्याच्या झोपड्या आहेत, त्यांचं बुकिंग अन् आत शिरायची परवानगी जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कच्या ऑफिसातून. स्वतःचाच तंबू हवा असेल (आम्हाला हवा होता, हट्ट दुसरं काय) तर अभयारण्याच्या हद्दीबाहेर कोणाच्या तरी शेतात, मालकाला विचारून, दोन पैसे देऊन. आम्ही तसंच केलं, खुरीकडे. एक रात्र तंबू, एक रात्र झोपडी, अन् दिवसा परवानगी काढून पार्क.

कधी जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. संपलं. मार्चच्या मध्यानंतर ऊन चढते, मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जाते अन् आंधी येते ते वेगळं. "आम्ही नागपूरचे, आम्हाला ऊन काय शिकवता" हे मला तीन जणांनी ऐकवलं. भाऊ, नागपुरात आपण मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून बाहेर पडतो, अन् अर्ध्या तासात कूलरपुढे येऊन बसतो. तिथे कूलर नाही. झाड आहे, पण त्याच्या सावलीत एक शेळी मावते अन् ती आधीच बसलेली असते.

माघ पौर्णिमेच्या आसपास तिकडे मरु महोत्सव असते, शेवटचा कार्यक्रम समला. गर्दी आवडत असेल तर तेव्हा जा, नाहीतर त्या तारखा टाळा. तारे पाहायचे असतील तर अमावस्येच्या आजूबाजूचे दिवस धरा. पौर्णिमेला वाळू सुंदर दिसते पण आकाश धुऊन निघते.

अजून एक बारीक गोष्ट. जैसलमेर आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला आहे, घड्याळ मात्र तेच, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य नागपूरपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशिरा उगवते. आम्ही सवयीनं साडेपाचला उठून सूर्योदयासाठी धोऱ्यावर जाऊन बसलो अन् सव्वासातपर्यंत दात वाजवत बसलो.

नागपूरहून जायचं कसं?

ट्रेननं तुकड्या करून. नागपूरहून जयपूर किंवा दिल्लीकडे गाड्या आहेत, तिथून जोधपूर, मग जैसलमेर. जोधपूर ते जैसलमेर ३०० किलोमीटरच्या आतबाहेर, ट्रेननं पाच-सहा तास. या लाइनवर फलोदी लागते, त्याच्या जवळ खीचन गाव, तिथे हिवाळ्यात हजारोंनी कुर्जा म्हणजे करकोचे येतात. परतीत अर्धा दिवस काढता आला तर काढाच. आमच्यातला एक जण पक्ष्यांना "सगळे सारखेच" म्हणणारा, तो तिथून हलायला तयार नव्हता.

स्वतःच्या गाडीनं १३०० किलोमीटरच्या वर पडते. दोन ड्रायव्हर असतील तरच. विमानाचं म्हणाल तर जैसलमेरला विमानतळ आहे, पण उड्डाणं सीझनप्रमाणे बदलतात.

थंडी किती असते? नागपूरसारखीच ना?

नाही ना बाप्पा! दिवसा २४-२५ डिग्री, टी-शर्टवर फिरा. रात्री ७-८, अन् कडाक्याच्या दिवसांत त्याच्याही बरंच खाली. आमच्या थर्मामीटरनं पहाटे ४ दाखवलं. हवा कोरडी, ढग नाही, जमिनीवर झाडोरा नाही, म्हणून दिवसभर तापलेली वाळू सूर्य गेला की सगळी उष्णता आकाशाला देऊन मोकळी होते. संध्याकाळी सहाला वाळूत पाय घातला तर कोमट, नऊला तीच वाळू फ्रिजमधून काढल्यासारखी.

लोक वरून तीन-तीन ब्लँकेटं घेतात अन् खाली एक पातळ चटई टाकतात. थंडी खालून येते. पहिल्या रात्री मी स्लीपिंग बॅगमध्ये, स्वेटर घालून, कानटोपी लावून कुडकुडत होतो अन् बाजूचा गडी साधी दुलई घेऊन घोरत होता, कारण त्यानं खाली फोमची मॅट, तिच्यावर आईनं बळजबरीनं दिलेली सतरंजी अन् दोन्हीच्या मधे जुने पेपर टाकले होते. दुसऱ्या रात्री मी त्याच्या पिशवीतले उरलेले पेपर मागून घेतले, लाज सोडून.

गरम कपडे नवे महागाचे घ्यायची गरज नाही. हिवाळ्यात नागपुरात तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार लागते तिथलं एक जाड जॅकेट, कानटोपी, लोकरी मोजे दोन जोड्या. झोपायचे मोजे वेगळे, दिवसा घातलेले घामट मोजे रात्री घालू नका, पाय गरमच होत नाहीत.

तंबू कुठे अन् कसा लावायचा?

धोऱ्याच्या माथ्यावर नाही, तिथे वारा झोडपते. दोन धोऱ्यांच्या मधल्या खोलगट जागेत पण नाही, थंड हवा रात्री खाली उतरून तिथेच साचते. मधलं काहीतरी, वाऱ्याच्या आडोशाला, पण वाळू घसरून येते त्या खड्या उताराच्या अगदी पायथ्याशी नाही. झाडाखाली तंबू लावू नका, काटे असतात अन् मुंग्या असतात.

खुंट्यांची गोष्ट सांगतोच. आम्ही इतवारीतून चांगल्या लोखंडी खुंट्या आणल्या होत्या, हातभर लांब, सगळ्यांना दाखवून झाल्या होत्या. रात्री अकराला वारा सुटला अन् मुळा उपटावा तशा एकेक निघून आल्या. तंबू आमच्यासकट फडफडून राहिला, एक जण आत चारही कोपऱ्यांवर बॅगा ठेवत ओरडत होता. शेताचा मालक, साठीच्या पुढचा माणूस, बॅटरी घेऊन आला, हसला नाही हे विशेष. त्यानं घरून चार रिकामी पोती आणली, प्रत्येकात आठ-दहा ओंजळी वाळू भरली, तोंड बांधलं, दोरी पोत्याच्या कमरेला गुंडाळली, कोपरभर खड्डा करून पोतं आडवं पुरलं अन् वरून पायानं दाबत दोन चकरा मारल्या. मग म्हणाला, ओढून पाहा. आम्ही दोघांनी मिळून ओढलं, हललं नाही. तर खुंट्या घरी ठेवा, चार रिकाम्या पिशव्या न्या, तांदळाच्या दहा किलोच्या चालतात.

अन् तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवा. वाळवंट कोरडं असलं तरी आपल्या श्वासाची वाफ आतून कापडावर जमते, पहाटे थेंब तोंडावर पडतात.

पाणी किती न्यायचं?

हिवाळ्यात पिण्यासाठी माणशी दिवसाला ४ लिटर धरा, स्वयंपाक अन् हात-तोंड वेगळं. जैसलमेरातूनच भरून न्या. तिकडे वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी पडते, आपल्याकडे १००० च्या वर. म्हणजे त्यांच्या अख्ख्या वर्षाचा पाऊस आपल्याकडे श्रावणातल्या दोन-तीन वाईट दिवसांत होऊन जाते अन् आपण भरलेला अंबाझरी तलाव पाहायला जातो. तिथे टाक्यात साठवलेलं पाणी घरचं अन् जनावरांचं असते, ते मागून आंघोळ करू नका. दोन दिवस आंघोळ नाही केली तर कोणी मरत नाही, आम्ही सहाच्या सहा परत आलो.

तहान लागत नाही म्हणून पाणी पिणं राहून जाते, थंड कोरड्या हवेत हे होतेच. ओआरएसची पाकिटं ठेवा. ओठ अन् नाकाची आतली बाजू फुटते, कोणाकोणाच्या नाकातून रक्त येते, रात्री झोपताना खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की झालं.

स्वयंपाक करता येते का? चूल पेटवायची का?

गॅसचा डबा, रॉकेल वगैरे ट्रेनमध्ये नेता येत नाही, विमानात तर नाहीच. अन् तिथे लाकूड तोडून चूल पेटवायचा विचार मनातून काढून टाका. खेजडीला हात लावू नका. जोधपूरजवळच्या खेजडलीला १७३० साली याच झाडासाठी ३६३ बिश्नोई लोकांनी जीव दिला, हे तिकडच्या माणसाला शाळेत जायच्या आधीपासून माहीत असते. ओरण म्हणजे देवाच्या नावानं राखलेली रानं, आपल्याकडे देवराई म्हणतात तसं, तिथली काडी पण उचलत नाहीत.

सोपं म्हणजे ज्याच्या शेतात राहता त्याच्याच घरी जेवण सांगा. बाजरीची भाकर, केर-सांगरी (केराची फळं अन् खेजडीच्या शेंगा यांची भाजी), ताक, लसणाची चटणी. एका रात्री गोवऱ्यांवर बाटी झाली अन् आमच्यात वाद पेटला की हे आपल्या रोडग्यांसारखं (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आहे की नाही. मी म्हणतो आहे, फक्त वांग्याची भाजी नाही अन् तूप चौपट. सोबत नागपूरहून सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) नेऊ नका, पहिल्याच दिवशी ट्रेनमध्ये संपते. चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, दशम्या टिकतात.

तिथे दिसते काय? वाघ तर नाही.

वाघ नाही. माळढोक आहे. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. जवळपास मीटरभर उंच, नर १५ किलोपर्यंत वजनाचा, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातल्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक. जगात आता दीडशेच्या आत उरलेत अन् बहुतेक सगळे याच भागात. हा आपला पण पक्षी होता, हे लोक विसरले. सोलापूरच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं, इकडे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडच्या शेतांतही तो होता. मादी बहुतेक वर्षाला एकच अंडं घालते, अन् ते पण उघड्या जमिनीवर. समोरचं नीट दिसत नाही त्याला, डोळे बाजूला, वजन जास्त, म्हणून विजेच्या तारांना धडकून मरतात. हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २०२१ साली तारा जमिनीखालून टाकायचा आदेश झाला, २०२४ मध्ये कोर्टानं तो बदलून समिती नेमली. समला २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र चालते, पण ते पाहायला जायची जागा नाही.

आम्हाला दिसला का? हौ. सुदासरीकडे, सकाळी साडेआठला, लांब, गवतात. आधी वाटलं मडकं ठेवलं आहे कोणी. मग मडक्यानं मान वर केली. दहा मिनिटं तो चालत होता, आम्ही दुर्बीण एकमेकांच्या हातातून ओढून घेत होतो, मग गवतात गेला तो गेला. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न नाही, जवळ न्यायला ड्रायव्हरला पैसे तर अजिबात नाही.

बाकी चिंकारा भरपूर, वाळवंटी कोल्हा, गिधाडं, हिवाळ्यात आलेले गरुड, अन् जमिनीच्या रंगाचे धाविक पक्षी जे हलल्याशिवाय दिसतच नाहीत.

साप-विंचू?

आहेत. फुरसं तिथलं खास, वाळूच्या रंगाचं. हिवाळ्यात थंडीनं साप कमी फिरतात, पण सकाळी बूट झटकूनच घालायचे, रात्री लघवीला जाताना बॅटरी अन् बंद बूट, दगडाखाली हात घालायचा नाही. चावलंच तर चिरणं-चोखणं-मांत्रिक काही नाही, हात-पाय न हलवता सरळ जैसलमेरच्या सरकारी दवाखान्यात. फुरशाच्या विषावरचं इंजेक्शन आपल्याकडे असते, नाग, मण्यार, घोणस अन् फुरसं या चौघांसाठी एकच.

खरा त्रास सापाचा नाही, भुरटाचा. एक गवत आहे, त्याचे बारीक काटेरी गोळे मोज्यात, लेसमध्ये, स्लीपिंग बॅगेच्या चेनमध्ये घुसतात. आपलं कुसळ परवडलं. एक छोटा चिमटा न्या, अन् लोकरी मोजे घालून गवतात जाऊ नका. मी गेलो होतो. पाऊण तास चिमटा घेऊन बसलो.

बॉर्डर जवळ आहे, काही प्रॉब्लेम?

आधार कार्ड सगळ्यांचं सोबत, मूळ. ड्रोन घरी ठेवा. सैन्याच्या गाड्या, टॉवर, चौक्या यांचे फोटो नाहीत. पार्काच्या पश्चिमेला सीमा आहे, गूगलवर दिसलेला कच्चा रस्ता पकडून "पाहू कुठे निघते" असं करायचं नाही. नेटवर्क कधी आहे कधी नाही, म्हणून आज कुठे झोपणार हे घरी अन् जैसलमेरच्या हॉटेलवाल्याला सांगून ठेवा, नकाशा आधीच डाउनलोड करा.

आपली गाडी वाळूत घालायची का?

नाही. फोर बाय फोर असेल, टायरची हवा उतरवून चालवायची सवय असेल, दुसरी गाडी सोबत असेल तरच, अन् तेही अभयारण्यात नाही. अडकलात तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक अजून खाली जाते. जीप भाड्यानं घ्या, अन् भाव आधी गाडीचा ठरवा, माणशी नाही. उंट वेगळा, परवानगीची फी वेगळी, जेवण वेगळं का, सगळं निघायच्या आधी विचारा. आम्हाला एका जीपवाल्यानं परत येताना "सनसेट चार्ज" लावला. सूर्य काय त्याच्या बापाचा होता?

लहान पोरं, म्हातारे यांना न्यायचं का?

झोपडीत न्या, तंबूत नको. गुडघे दुखणाऱ्याला वाळूत चालणं फार जड जाते. त्यांच्यासाठी आकल बेस्ट, जैसलमेरहून १७ किलोमीटर, बाडमेर रोडवर. १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके, एक तर ७ मीटर लांब. माझ्या मामांनी तिथे उभं राहून सगळ्यांना आपल्या सिरोंच्याजवळच्या वडधमच्या जीवाश्मांबद्दल भाषण दिलं, गाइड गप्प ऐकत होता.

संडासचं काय करायचं हो? कोणी सांगतच नाही.

तंबूपासून अन् कोणाच्याही टाक्यापासून, रस्त्यापासून लांब, वीतभर खड्डा, वरून माती. कोरड्या वाळूत कागद कुजत नाही, वाऱ्यानं उघडा पडते, म्हणून कागद अन् पॅड झिपच्या पिशवीत परत. ती पिशवी कोण धरणार यावर आमच्याकडे चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

ज्यांच्याकडे राहतो त्यांना नागपूरहून काय न्यावं?

संत्री. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची चांगली मिळतात, थोडी कच्ची-पिवळसर घ्या म्हणजे दोन दिवसांच्या ट्रेनमध्ये दबत नाहीत, अन् पेटी नाही, जाळीची पिशवी. आम्ही पाच किलो नेली होती. त्या घरच्या आजीनं एक सोललं, अर्धं नातवाला दिलं, साल फेकायला गेलो तर हातातून काढून घेतली अन् दारातल्या शेळीपुढे धरली. शेळीनं वास घेतला, शिंकली, अन् मग सगळी खाल्ली.